गोडबोल्यांचं ब्रायटन

ऑनसाइट आलेल्या मंडळींचं एक गुपित फोडते. आम्ही घरी जे फोटो पाठवतो ना, ते सगळे उन्हातले असतात. लंडन म्हणजे बिग बेन, लाल डबलडेकर आणि वर निळंशार आकाश! हिवाळ्यात ते आकाश महिन्यातून जेमतेम तीन-चारदा दिसतं. त्या दिवशी आम्ही बाहेर पडून धडाधड फोटो काढतो आणि मग ते महिनाभर पुरवून पुरवून पाठवतो. माझी आई ते फोटो खडकीतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला दाखवते. ‘आमची लंडनला असते.’

‘आमची’ ऑक्टोबरपासून बेंचवर आहे, हे मात्र बिल्डिंगला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. क्लायंटनं प्रोजेक्ट गुंडाळलं, टीममधले चौघं परत गेले आणि मला ‘जानेवारीत बघू’ म्हणून ठेवून घेतलं. रोज सकाळी लॅपटॉप उघडायचा, कुठलं तरी ऑनलाइन ट्रेनिंग करायचं आणि रात्री आईला सांगायचं, ‘आज खूप काम होतं गं.’ मोशीच्या फ्लॅटचा हप्ता मात्र इमानेइतबारे पाच तारखेला कापला जात होता.

अशा दिवसांत माणूस एक तर झोपा काढतो, नाहीतर वाचतो. मी लायब्ररीतून ब्रिटनमधल्या भारतीयांच्या इतिहासावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. ब्रायटनच्या पानांवर एक आडनाव दिसलं आणि मी पांघरूण टाकून उठूनच बसले. त्या आडनावाकडे येऊच. पण डिसेंबरातल्या एका शनिवारी मी ब्रायटनला जायचं ठरवलं ते त्यापायी.

माझी रूममेट सांगलीची. दुलईतून डोकंही बाहेर न काढता ती म्हणाली, ‘डिसेंबरात समुद्रावर? बेंचवर बसून डोकं फिरलंय तुझं.’

तर मंडळी, डिसेंबरातच जा. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून ब्रायटन फक्त तासाभराचं. उन्हाळ्यातल्या रविवारी हीच गाडी आपल्या विरार लोकलच्या तोडीस तोड भरते म्हणतात. मला अख्खा डबा जवळजवळ एकटीला मिळाला. वाटेत ३७ कमानींचा, विटांचा ऊझ व्हायाडक्ट लागतो. पुलावरून जाताना पूल दिसत नाही ही आगगाडीची जुनीच पंचाईत, पण दोन्ही बाजूंना एकदम खाली दरी उघडते आणि तळाशी गोठलेली शेतं दिसतात, तेव्हा समजायचं. हा मार्ग १८४१चा. तोवर राजेरजवाड्यांचं असलेलं ब्रायटन रेल्वे आल्यावर कारकून, दुकानदार आणि कामगारांचं झालं. थोडक्यात, लंडनकरांची जुहू चौपाटी.

त्याआधी हे कोळ्यांचं गाव होतं. १७५०च्या सुमाराला रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरनं समुद्राचं पाणी अंगाला आणि पोटाला चांगलं असतं, असं लिहिलं. होय, पोटाला! लोक खरंच ते खारं पाणी प्यायला इथं यायला लागले. आजच्या डिटॉक्सवाल्यांनी उगीच कॉलर ताठ करू नये.

हिवाळी ब्रायटनचा एकच नियम लक्षात ठेवा. सूर्य चारच्या ठोक्याला बुडतो. त्यामुळे लांबचं आधी बघायचं, जवळचं नंतर. माझं लांबचं ठिकाण होतं गावाबाहेरच्या टेकड्यांवर. स्टेशनवरून बस पकडून पॅचमला उतरले आणि तिथून मेंढ्यांच्या कुरणांमधून चालत निघाले. इथली जमीन चुनखडीची, त्यामुळे चिखलही पांढरा. दहा मिनिटांत माझे ऑफिसचे बूट पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायला लागले. धुकं इतकं की पुढची मेंढी दिसेपर्यंत मागची गायब. रस्ता चुकले की काय, असं म्हणत असतानाच धुक्यातून एक घुमट वर आला.

पांढरा संगमरवरी घुमट, आठ खांब, भोवती पायऱ्या. एखाद्या नदीकाठच्या समाधीवर शोभावी अशी छत्री, आणि इंग्लंडच्या माळावर! नावही तेच, ‘द छत्री’.

पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियमच्या खंदकांत जखमी झालेल्या हिंदुस्थानी सैनिकांना बोटीनं इंग्लंडला आणत. ब्रायटनमध्ये त्यांच्यासाठी तीन हॉस्पिटलं होती आणि तिथं बारा हजारांच्या आसपास जवानांवर उपचार झाले. जे वाचले नाहीत, त्यांच्यातल्या ५३ हिंदू आणि शीख जवानांना या माळावर अग्नी दिला गेला, अस्थी खाली समुद्रात सोडल्या. मुसलमान जवानांना वोकिंगजवळ दफन केलं. छत्रीचा आराखडा केला मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण आर्किटेक्टनं आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचं अनावरण झालं. दुसऱ्या महायुद्धात सरावाच्या गोळ्यांनी तिचे टवके उडाले, मग डागडुजी झाली. जवळच एका भिंतीवर ५३ जणांची नावं कोरलीयत. ती भिंत मात्र २०१० सालची. म्हणजे छत्री उभी राहिली आणि नावं यायला आणखी ८९ वर्षं लागली.

मी खडकीची. बॉम्बे सॅपर्सच्या भिंतीला लागून माझी शाळेची वाट होती. या सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ला नव्ह शापेल या फ्रेंच गावात पायदळाबरोबर हल्ल्यात उतरल्या आणि तिथं त्यांची दाणादाण उडाली. पूल बांधणारी, खंदक खणणारी ही माणसं, त्या दिवशी संगिनी घेऊन गल्ल्यांमधून लढली. लहानपणी त्या भिंतीवर नुसता खडू ओढत जायचे मी. कुणी कधी सांगितलं नाही, आणि आपणही विचारलं नाही.

नावं मोठ्यानं वाचली. ऐकायला मेंढ्याच होत्या. वाचून होईपर्यंत बोटं बधिर झाली. फोटो काढायला फोन काढला तर स्क्रीनवर नुसतं पांढरं! आईला पाठवण्यासारखं काहीच नव्हतं.

दुपारी गावात परतले, तर समोर रॉयल पॅव्हिलियन. पहिल्यांदा बघितल्यावर मी रस्त्यातच हसले. कांद्याच्या आकाराचे घुमट, मिनार, जाळ्या... जणू कुणीतरी ताजमहालाचं वर्णन फोनवर ऐकून केक केलाय. जॉन नॅश या आर्किटेक्टनं १८१५ ते १८२३च्या दरम्यान हा महाल उठवला आणि गंमत म्हणजे नॅशनं हिंदुस्थान कधी पाहिलाच नव्हता. चित्रकार डॅनियलांच्या चित्रांवरून त्यानं काम भागवलं. मालक होता युवराज जॉर्ज, पुढचा चौथा जॉर्ज राजा. खाणं, पिणं, उधारी यांत हात धरणारा कुणी नाही. बाहेरून हिंदुस्थान, तर आतून चीन! जेवणघरात छतावरून एक चंदेरी ड्रॅगन टनभर वजनाचं झुंबर पंजात धरून लोंबकळतोय. त्याखाली बसून शांतपणे सूप पिणाऱ्या पाहुण्यांना मी मानलं. व्हिक्टोरिया राणीला मात्र हा सगळा थाट रुचला नाही आणि १८५०मध्ये महाल गावाला विकून टाकला गेला. किंमत ५३ हजार पौंड.

याच महालात १९१४च्या डिसेंबरात हिंदुस्थानी जवानांचं हॉस्पिटल सुरू झालं. झुंबरांखाली खाटांच्या रांगा, राजाच्या मुदपाकखान्यात ऑपरेशन थिएटर. वेगवेगळ्या धर्म-जातींसाठी नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे नळ वेगळे, पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत. वरच्या मजल्यावर त्या काळाचं दालन आहे, तिथं हे फोटो बघायला मिळतात. स्वच्छ फेटे, पांढऱ्या चादरी, वर ड्रॅगन. या फोटोंची पोस्टकार्डं निघाली, पुस्तिका छापल्या. राजानं जखमी जवानांसाठी स्वतःचा महाल रिकामा करून दिला, अशी हवा केली. महाल नगरपालिकेचा होऊन तेव्हा ६४ वर्षं झाली होती, हे सांगायची गरज कुणाला वाटली नाही.

आता काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. नऊ स्वयंपाकघरं चालवणं हे काही खायचं काम नाही. पण फोटो घरच्यांना दाखवायला होते. ते बघून गावाकडच्यांनी आणखी पोरं धाडावीत, हा हिशेब त्यात होताच. बरी झालेली बरीचशी माणसं पुन्हा खंदकांत जात होती. सुभेदार मीर दस्त याला १९१५च्या ऑगस्टमध्ये याच बागेत पाचव्या जॉर्जनं स्वतःच्या हातानं व्हिक्टोरिया क्रॉस लावला, आणि एकदा जखमी झालेल्याला परत खंदकात पाठवू नका, असं त्यानं राजाकडे मागणं केलं. छातीवर मेडल असतानाही तेच मागावंसं वाटलं, यात काय ते आलं.

पत्रांचं सांगायचं राहिलं. जवानांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचायचा, हे जवानांनाही माहीत होतं. मग ते मिरीच्या भाषेत लिहायचे. काळी मिरी म्हणजे आपली माणसं, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असं लिहिलं की गावात समजून जायचं. सेन्सॉरनं नकला करून ठेवल्या म्हणूनच ती पत्रं आज वाचायला मिळतात.

त्या दालनात मी बराच वेळ रेंगाळले. आईला मी गेले दोन महिने पाठवत असलेल्या फोटोंना तर कुणी सेन्सॉरही नव्हता.

बाहेर आले तेव्हा तीन वाजले होते आणि उजेड उतरणीला लागला होता. फिश अँड चिप्स घेतले, व्हिनेगर जरा सढळ हातानं मारून घेतलं. ब्रायटनचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा. चालताना कर्र-कर्र आवाज होतो आणि दोन पावलं पुढे टाकली की एक पाऊल मागं येतं. किनाऱ्यावरच्या एका बाकावर बसले (हो, इथंही बेंचच!). पहिला घास तोंडात जातोय तोच एका सीगलनं झडप घालून सगळ्यात मोठा तुकडा पळवला. शेजारून कुत्र्याला फिरवत चाललेल्या आजीबाई म्हणाल्या, हा ब्रायटनचा टॅक्स आहे.

याच किनाऱ्यावर आणखी एक आपला माणूस होऊन गेला, शेख दीन महंमद. पाटण्यात जन्मलेला. १७९४मध्ये त्याचं इंग्रजी पुस्तक निघालं, १८१०मध्ये त्यानं लंडनमध्ये हिंदुस्थानी खाणावळ काढली आणि ती दोनच वर्षांत डब्यात गेली. दिवाळखोरीतून उठून तो ब्रायटनला आला, वाफेची न्हाणी काढली आणि गोऱ्या साहेबांना चंपी करायला लागला. इतकी जोरदार की पुढे दोन राजांनी त्याला आपला शाही चंपीवाला नेमलं. ‘शॅम्पू’ हा शब्द आपल्या चंपीवरूनच आलाय, ठाऊक असेलच. दिवाळखोरीनंतरची त्याची दुसरी इनिंग ३०-३५ वर्षं चालली, ही माहिती मी बेंचवरच्या समस्त बंधुभगिनींना सप्रेम भेट देते.

समोर समुद्रात वेस्ट पिअरचा सांगाडा उभा आहे. १८६६ साली उघडलेला, १९७५ला बंद पडलेला, २००३मध्ये दोनदा जळालेला. आता नुसत्या गंजक्या लोखंडी बरगड्या उरल्यात. चारच्या सुमाराला त्यावर एक काळा ठिपका उठला. मग दहा, मग शंभर, मग मोजणं सोडून दिलं. स्टार्लिंग! आपल्या साळुंकीच्या कुळातले पक्षी. हिवाळ्यात रात्रीच्या मुक्कामाला इथल्या पिअरवर येतात आणि टेकण्याआधी आकाशात हजारोंचा एकच थवा करतात. धुराचा लोट वळावा तसा तो वळतो, मधेच फाटतो, परत जुळतो, पाण्याला टेकतोय असं वाटेपर्यंत खाली येतो. उजनीच्या काठावर भोरड्यांचे थवे बघितलेल्यांना कल्पना येईल. इथं फरक इतकाच की मागे तांबडं आकाश होतं आणि खाली जळका पिअर. मग कुणीतरी प्लग काढावा तसे सगळे सरळ खाली, लोखंडात. पाच मिनिटांत आकाश साफ.

बहुतेक लोक इथून स्टेशनकडे वळतात. मी मात्र बस पकडून एल्म ग्रोव्हचा चढ चढले. टुरिस्ट इकडे फिरकत नाहीत. चढाच्या वरच्या टोकाला एक लांबलचक इमारत आहे, मधोमध घड्याळाचा मनोरा. आधी हा गरिबांसाठीचा आश्रम होता, आज ब्रायटन जनरल हॉस्पिटल म्हणतात. १९१५ साली याचं नाव होतं किचनर इंडियन हॉस्पिटल. तिघांतलं सर्वांत मोठं, पण पोस्टकार्डावर न येणारं.

इथं भिंतींवर काटेरी तारा होत्या, फाटकावर पहारा. चालता-फिरता येणाऱ्या जवानांनाही सोबत कुणी असल्याशिवाय गावात जायची बंदी, आणि ती बंदी तिथल्या हिंदुस्थानी कर्मचाऱ्यांनाही होती. कारण? गावातल्या गोऱ्या बायकांशी ओळखीपाळखी होतील ही साहेबांची धास्ती! फ्रान्समध्ये मरायला चाललेली माणसं ब्रायटनच्या रस्त्यावर एकटी चालायला नकोत.

आणि इथंच माझं ते आडनाव येतं. या हॉस्पिटलात एक सब-असिस्टंट सर्जन होते, गोडबोले. या कोंडवाड्याचा निषेध म्हणून त्यांनी १९१५ साली हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल सीटन यांच्यावर गोळी झाडायचा प्रयत्न केला. सीटन बचावले, गोडबोल्यांना शिक्षा झाली.

गोळी झाडणं बरोबर, असं मी म्हणत नाहीये. पण त्या पुस्तकात सगळे राजे, कर्नल आणि सुभेदार ओलांडून आल्यावर ‘गोडबोले’ वाचलं आणि एकदम सदाशिव पेठेतला कुणीतरी समोर आला... डबा खाणारा, रजेचा अर्ज नीट अक्षरात लिहिणारा, औषधाच्या बाटल्या मोजून ठेवणारा. आणि आडनाव बघा! खालच्या गावात सगळा गोड बोलण्याचा कारखाना चालू होता, फोटो, पोस्टकार्डं, पुस्तिका. त्यात एकट्या गोडबोल्यांनाच ते जमलं नाही.

अंधार झाला होता. भिंतीचा फोटो काढला, त्यात भिंत आणि रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा डाग एवढंच आलं. तोच फोटो आईला पाठवला. भारतात साडेदहा वाजून गेले होते. मिनिटभरात तिचा व्हिडिओ कॉल.

‘अगं, हे काय पाठवलंस? बरी आहेस ना?’

सांगून टाकलं. बेंच, जानेवारी, हप्ता, सगळं. वाऱ्यामुळे अर्धं तिला दोनदा सांगावं लागलं, आणि असली गोष्ट दोनदा सांगणं फार वाईट असतं.

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘मला दिवाळीपासूनच वाटत होतं.’

‘कशावरून?’

‘फोटोत तू कुठे असतेस? नुसत्या इमारती. बाबांना मी सांगते उद्या सकाळी, चहाच्या वेळी. हप्त्याचं तीन-चार महिने जमेल.’ आणि मग, ‘टोपी घाल आधी. कुठायस तू आत्ता इतक्या अंधारात?’

‘गोडबोल्यांच्या हॉस्पिटलबाहेर.’

‘कोण गोडबोले? आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या गोडबोल्यांचे कुणी?’

स्टेशनला जाणारी बस यायला अकरा मिनिटं होती. मी टोपी घातली आणि तिला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.